तीन चिरूट आणि आबांचं पाकीट

गणपतीत गावी गेले तेव्हा काकांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि माझ्यापुढं सरकवली. "हे आता तूच बघ ग बाई. कौलं बदलायला काढल्यात, माळा रिकामा करायचाय, न्हाईतर सगळं बंबात जातंय बघ." बंबात जातंय म्हटल्यावर कोण गप्प बसेल, मी ती ट्रंक गाडीत टाकून बेळगावात टिळकवाडीत आणली आणि नवऱ्यानं विचारलं ही ठेवणार कुठं, तर तेव्हापासून ती डायनिंग टेबलाखाली आहे आणि आम्ही पाय आखडून जेवतोय.

ट्रंक आमच्या आबांची, म्हणजे आजोबांची. काळा पत्रा, वर पांढऱ्या रंगात मिलिट्रीचा नंबर, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि डांबरगोळ्यांचा वास. आबा १९४२ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. बेळगावकरांना हे सांगायला नको, रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून इथंच, खानापूर तालुक्यातल्या पोरानं भरती व्हायचं म्हणजे चालत कॅम्पात यायचं. इटलीत होते. १९४६ ला सुटून आले, गुरुजींचं ट्रेनिंग केलं आणि पुढची सगळी नोकरी मराठी शाळेत. गावात नाव पडलं मिलिट्री मास्तर. पोरांना रांगेत उभं करून नखं बघायचे, आणि पायात चप्पल नसली तरी चालेल पण हजेरीला 'हजर' असं पोटातनं आलं पाहिजे.

ट्रंकेत काय काय तर डिस्चार्ज बुक, पगाराची पत्रकं, पोस्टकार्डांचा गठ्ठा, सोसायटीच्या पावत्या, जमिनीचे उतारे, गणिताच्या हातानं लिहिलेल्या दोन वह्या. शाळेचे कागद तारखेनं लावले तर गंमत दिसते, वरती छापलंय आधी मुंबई राज्य, मग १९५६ नंतर म्हैसूर राज्य, मग १९७३ नंतर कर्नाटक. शाळा तीच, तीच फरशी, तोच पिंपळ, आबांनी बदलीसुद्धा पंचक्रोशीबाहेर घेतली नाही आणि तीन राज्यांत नोकरी करून रिटायर झाले. सीमाप्रश्नावर मी इथं लिहीत नाही कारण मग खाली भांडणं लागतात, पण ही ट्रंक उघडली की तो विषय आपोआप टेबलावर येतो, काय करणार.

आता हे कागद लावायचे कसे हे मला कुठं माहिती. म्हणून नेटवर बसले. आपल्या भागाला इंग्रज सदर्न मराठा कंट्री म्हणायचे ना, रेल्वेलासुद्धा सदर्न मराठा रेल्वे नाव होतं, तर मी इंग्रजीत सदर्न, सोल्जर, टीचर, पेपर्स असं काहीबाही टाकलं की आपल्याकडच्या कोणाचे तरी कागद सापडतील. गुगलनं मराठा शब्द खाल्ला आणि मला डायरेक्ट अमेरिकेच्या दक्षिणेत नेऊन सोडलं. रात्री साडेदहाला सुरू केलं आणि दीडला झोपले, सकाळी डबा करायला उशीर. कारण सापडला तो माणूस, डॅनियल हार्वी हिल.

हा १८२१ सालचा, साउथ कॅरोलिनातला. वेस्ट पॉइंटच्या मिलिट्री कॉलेजातनं १८४२ ला बाहेर पडला, मेक्सिकोच्या युद्धात लढला, तिथली त्याची डायरी अजून आहे, आणि १८४९ ला नोकरी सोडून सरळ गणिताचा प्रोफेसर झाला. आधी व्हर्जिनियात लेक्सिंग्टनला, मग १८५४ पासून नॉर्थ कॅरोलिनात डेव्हिडसन कॉलेजात, मग १८५९ ला शार्लटच्या मिलिट्री शाळेचा प्रमुख. लहानपणापासून पाठीच्या कण्याचं दुखणं, जिभेला धार, कोणाशी फार पटत नाही. मास्तर म्हणून कडक. डेव्हिडसनला पोरांना वळण लावायला त्यानं वेस्ट पॉइंटसारखी शिक्षेच्या गुणांची पद्धत आणली आणि पोरांनी त्याच वर्षी दंगा केला. मला तर वाचता वाचता आबाच दिसायला लागले, फक्त दाढीवाले.

आणि त्याचं बीजगणिताचं पुस्तक! १८५७ ला छापलंय. उत्तरेकडच्या लोकांवर, यँकींवर, याचा एवढा राग की गणितातसुद्धा सोडला नाही. एक गणित असं, की एक यँकी लाकडाची खोटी जायफळं खऱ्यात मिसळून विकतो, खोटं पडतं पाव सेंटला, खरं चार सेंटला, सगळा माल ४४ डॉलरला जातो आणि लबाडीत ३ डॉलर ७५ सेंट सुटतात, तर लाकडाची किती? (मी सोडवलं. सगळी चार सेंटनं विकली म्हणजे ११०० नग, एका खोट्यामागं पावणेचार सेंट फायदा, म्हणून १००. नवरा म्हणाला रात्री एक वाजता जायफळं मोजालीस काय.)

हसायला आलं कारण आबांच्या वहीत, शप्पथ, हे आहे. एका गवळ्यानं ८ आणे शेरानं १२ शेर दूध घेतलं, त्यात मलप्रभेचं पाणी घातलं, खरेदीच्याच भावानं विकलं आणि २ रुपये कमावले, तर पाणी किती? उत्तर ४ शेर. समासात पेन्सिलीनं एक नाव लिहून खोडलंय. त्या गवळ्याचे नातू अजून गावात आहेत त्यामुळं नाव इथं सांगत नाही, त्यांच्याकडनंच आमच्याकडं दूध येतं.

हिलच्या पुस्तकात दुसरं एक गणित आहे, मेक्सिकोच्या युद्धात ब्वेना विस्टाच्या रणांगणावरनं इंडियानाचे दोन स्वयंसेवक पळून जातात, एक दुसऱ्यापेक्षा ताशी अर्धा मैल जोरात पळतो, तर दोघांचे वेग काढा. इंडियाना म्हणजे पळपुटे, असं पोरांच्या डोक्यात घालायचं. हे इंडियाना लक्षात ठेवा.

१८६१ ला यादवी सुरू झाली आणि हा दक्षिणेकडनं उतरला. हे सरळ लिहून टाकते, ही बाजू गुलामगिरी टिकवायला उभी होती. नेटवर या जनरल लोकांबद्दल लिहिणारे घोडे, तलवारी, दाढ्या याच्यातच इतके रमतात की ते वाचून आपल्याला वाटावं हे पानिपतच. तसं नाही. ज्या काळ्या माणसांच्या राबण्यावर त्या घरांत टेबलं, दौती आणि निवांत पत्रं लिहायची सवड होती, त्यांतल्या बहुतेकांची स्वतःच्या अक्षरातली एक ओळ मागं राहिलेली नाही, कारण त्यांना लिहायवाचायला शिकवणं दक्षिणेत बऱ्याच राज्यांत कायद्यानंच गुन्हा होता. आबांच्या ट्रंकेत आजीचा एकच कागद आहे, उताऱ्यावरचा अंगठा. ही तुलना बरोबर नाही, मला कळतंय, आजी काही कोणाची गुलाम नव्हती, आबांना ती 'मास्तर' म्हणून टोमणे मारायची. पण कागद कुणाचे उरतात हा विचार ट्रंकेशी बसलं की येतोच.

तर मुद्दा त्या कागदाचा. सप्टेंबर १८६२. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली मेरिलँडमध्ये घुसलाय. ९ तारखेला त्यानं फ्रेडरिक गावाजवळनं हुकूम काढला, स्पेशल ऑर्डर नंबर १९१. त्यात कोणी कुठं जायचं, सैन्याचे तुकडे कसे पाडायचे, सगळं. याच्या नकला ज्यांचा संबंध त्या जनरलना. हिल त्यावेळी स्टोनवॉल जॅक्सनच्या हाताखाली होता, आणि गंमत बघा, हे दोघं साडू. मॉरिसन घराण्याच्या दोन बहिणी दोघांना दिलेल्या. जॅक्सनला व्हर्जिनियाच्या मिलिट्री इन्स्टिट्यूटमध्ये मास्तरकी लागली तीसुद्धा हिलनं नाव सुचवल्यावर. तर साडूनं आपल्याकडची हुकुमाची नक्कल स्वतःच्या हातानं लिहून हिलला पाठवली. आणि तिकडं लीच्या ऑफिसनंही हिलच्या नावानं वेगळी नक्कल काढली. एका माणसाला दोन कागद. आमच्याकडं सरकारी ऑफिसात काम केलेला कोणीही सांगेल, घोटाळा इथंच सुरू होतो.

१३ तारखेला उत्तरेचं सैन्य फ्रेडरिकला पोचलं आणि एका शिपायाला गवतात पाकीट मिळालं, आत तीन चिरूट आणि चिरुटांभोवती गुंडाळलेला कागद. तो कागद म्हणजे हिलच्या नावाची ती दुसरी नक्कल. शिपाई कुठल्या पलटणीचा? सत्ताविसावी इंडियाना. मी त्या रात्री एकटीच टाळी वाजवली. ज्यांना पळपुटे म्हणून गणितात घातलं त्यांनीच सापडवलं बघा.

कागद उत्तरेचा सेनापती मॅक्लेलनकडं गेला. १४ ला साउथ माउंटनच्या खिंडीत हिललाच थोड्या माणसांनिशी कितीतरी मोठ्या सैन्याला थोपवून धरावं लागलं, १७ ला अँटिटमची लढाई, एका दिवसात दोन्हीकडचे मिळून जवळपास २३ हजार मेले, जखमी झाले किंवा गायब झाले. ली मागं फिरला. पाच दिवसांनी लिंकननं गुलामांच्या मुक्तीची पहिली घोषणा केली. म्हणजे त्या हरवलेल्या कागदाचा हात किती लांब पोचला बघा, आणि मला विचाराल तर बरंच झालं हरवला ते.

पण हिलच्या मागं ते लागलं ते जन्माचं. युद्ध संपल्यावर लोक लिहायला लागले, हिलनं हुकूम रागानं फेकून दिला, हिलनं निष्काळजीपणा केला. तो शार्लटला मासिक चालवायचा, १८६६ ते १८६९, त्यात १८६८ ला त्यानं उत्तर छापलं. म्हणणं असं, की मी जॅक्सनच्या हाताखाली, मला हुकूम त्याच्याकडनंच यायला पाहिजे, तसा आला, तो मी जपून ठेवलाय, दुसरा माझ्या ऑफिसात आलाच नाही. त्याच्या ऑफिसातल्या मेजर रॅचफर्डनं तसं लिहून दिलं. वर हिलचं असंही म्हणणं की तो कागद हरवल्यानं आपला फायदाच झाला, मॅक्लेलन त्यानं चकला. हे जरा अतीच झालं. आरोपही मान्य नाही आणि नुकसानही मान्य नाही, दोन्हीकडनं बॅटिंग.

पुढं आर्कान्सा युनिव्हर्सिटीचा प्रमुख झाला १८७७ ते १८८४, मग जॉर्जियात मिलेजव्हिलला मिलिट्री-शेतकी कॉलेज, तिथं १८८९ पर्यंत. हजारो दिवस फळ्यासमोर गेले असतील. आणि १८८८ ला साउथ माउंटनच्या लढाईवर लेख लिहिताना हा सांगतो, जॅक्सनकडनं आलेला तो हुकूम आत्ताही माझ्यासमोर आहे. सव्वीस वर्षं! घरं बदलली, राज्यं बदलली, कागद बरोबर. पुढच्या वर्षी मेला. आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मॅक्लेलनच्या कागदांत ती हरवलेली नक्कल आहे, आणि हिलचे कागद वेगवेगळ्या संग्रहांत पेटी, फोल्डर, नंबर असे लावलेले. (तिकडं कागदांचं माप फुटात धरतात, अमुक फूट पेपर्स म्हणून. आबा दीड फूट भरले.)

आता माझी अडचण इथनं सुरू होते.

त्या अभिलेखागारवाल्यांचे नियम वाचून मी कामाला लागले. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, लॅमिनेशन तर मुळीच नको (काकांनी आबांचं डिस्चार्ज सर्टिफिकेट कधीच लॅमिनेट करून आणलंय, फुगे आलेत, आता ते निघत नाही), आणि मूळ क्रम मोडायचा नाही, उघडायच्या आधी फोटो काढायचा. तळाशी एक पाकीट होतं, सुती दोऱ्यानं बांधलेलं. मला माहिती होतं ते काय आहे. घरातल्या सगळ्यांना माहितीय.

१९६१ ची गोष्ट. सातवीची परीक्षा तेव्हा शाळेबाहेर, सेंटरला. फॉर्म पाठवायची शेवटची तारीख ३१ जानेवारी. आबांच्या शाळेचे फॉर्म गेलेच नाहीत आणि अकरा पोरांचं वर्ष वाया गेलं. वरच्या ऑफिसनं सांगितलं, आम्ही पत्र पाठवलं होतं, मास्तरांनी घालवलं. आबांनी सांगितलं, आलं ते तारीख उलटून गेल्यावर आलं. गावात महिनाभर कोणी आबांना रामराम केला नाही. मिलिट्रीतनं आलेला माणूस, ज्याची पेनं टोकाला टोक लावून टेबलावर असायची, त्याला म्हणायचं कागद घालवला. त्यांनी ते पाकीट ठेवलं, पोस्टाचा शिक्का ६ फेब्रुवारी १९६१. आजी सांगायची, कोणी पाव्हणा आला आणि शाळेचा विषय निघाला की आबा उठून ट्रंक उघडायचे. "शिक्का बघा," म्हणायचे. बस्, एवढंच. आत काय आहे ते कोणी वाचल्याचं ऐकलं नाही. आजी हे सांगायला लागली की काका उठून गोठ्याकडं जायचे, आम्हाला वाटायचं यांना आबांची आठवण सहन होत नाही.

मी फोटो काढला, दोरा सोडला. शिक्का खरा, ६ फेब्रुवारी, अजून वाचता येतो. आतलं पत्र काढलं. तारीख २५ जानेवारी. वर मध्ये लिहिलंय: स्मरणपत्र. मजकूर तीनच ओळींचा, आधीच्या पत्राप्रमाणे आपल्या शाळेचे फॉर्म अद्याप आलेले नाहीत, त्वरित पाठवावेत.

आधीच्या पत्राप्रमाणे.

मी बराच वेळ तशीच बसले. म्हणजे हे पाकीट उशिरा आलं हे शंभर टक्के खरं. पण हे दुसरं पाकीट. पहिलं आलं की नाही याबद्दल हा शिक्का काही बोलत नाही. आणि मग तो दाढीवाला आठवला. जॅक्सनची नक्कल सव्वीस वर्षं सांभाळली, पण ती काय सिद्ध करते? एवढंच, की एक कागद मिळाला होता. दुसरा मिळाला की नाही, ते ती नक्कल कसं सांगणार? त्यानं जन्मभर जो पुरावा छातीशी धरला तो प्रश्नाच्या शेजारचा पुरावा होता. तो खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही, लीच्या ऑफिसातनं निघालेला कागद वाटेतच कुठं गेला असेल, बहुतेक तसंच असेल. आबांचंही तसंच असेल. खानापूरच्या पलीकडं त्या काळी टपाल कसं यायचं हे सांगायला नको, पावसाळ्यात तर देवाच्या भरवशावर. पण जानेवारीत पाऊस नसतो.

दोन दिवस कोणाला बोलले नाही. आवक-जावक रजिस्टर ट्रंकेत असेल म्हणून सगळं उपसलं, नाही. ते शाळेत राहिलं असणार, आणि शाळेची जुनी खोली पडून नवी झाली त्याला पंधरा वर्षं झाली. इटलीतनं आलेली चार पत्रं मिळाली, सेन्सॉरची, दोन दोन ओळींची, आम्ही खुशाल आहोत तुम्ही खुशाल असावे. हिशोबाच्या वहीत १९६१ च्या एप्रिलपासून रॉकेलचा खर्च एकदम दुप्पट झालेला दिसला. ते कळलं मला लगेच, आजीनं सांगितलेलं आहे, त्या अकरा पोरांना वर्षभर रात्री घरी बोलावून शिकवलं, पडवीत कंदील टांगून. पुढच्या वर्षी अकराच्या अकरा पास. निष्काळजी माणूस असं करतो की अपराधी वाटणारा करतो की नुसता मास्तर असतो म्हणून करतो, रॉकेलच्या हिशोबावरनं कसं कळणार.

काल शेवटी काकांना फोन लावला. कौलांचं झालं काय, म्हशीचं काय, सगळं विचारून झाल्यावर म्हटलं, "काका, आबांचं ते पाकीट उघडलं मी. आधी फोटो काढला, मग दोरा सोडला."

तिकडनं काही नाही. मागं रेडिओ चालू होता तेवढाच ऐकू येत होता.

"आत स्मरणपत्र आहे," मी म्हटलं.

"हं," काका म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आठवीत होतो मी. आबा बेळगावला गेल्याले. बघितलं आणि हुतं तसं परत बांधून ठेवलं."

"आणि कोणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू ग? आईला?" रेडिओ बंद झाला. "तू दोरा सोडायच्या आधी फोटो काढलीस म्हणालीस न्हवं? त्यात गाठी किती हाईत बघ. आबांची गाठ मिलिट्रीची, मला ती सुटली न्हाई, बाजूनं सरकवून काढली आणि वर माझी मारली."

फोन कानाला तसाच धरून मी लॅपटॉपवर फोटो झूम केला. दोन होत्या.